कचेरीचे छप्पर



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह, राज्याभिषेक यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. त्या मानाने आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. सरकारी कचेऱ्यांच्या इमारती एकदा बांधून झाल्यावर त्या कोणी सांभाळल्या, कशा सांभाळल्या, आणि जिथे सांभाळल्या गेल्या नाहीत तिथे का नाहीत, एवढाच प्रश्न मी आज आपणापुढे मांडणार आहे. हा विषय शेवटी मी गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय भागात, भामरागडपर्यंत नेणार आहे. कारण मोठ्या शहरात जी गोष्ट झाकून जाते ती अशा दूरच्या ठिकाणी उघडी पडते.

कोणी म्हणेल, गळक्या छपरात इतिहास कसला? पण थोडा विचार करा. राज्य म्हणजे काय याच्या व्याख्या पंडितांनी पुष्कळ केल्या आहेत. रानातून पायपीट करीत तालुक्याला आलेल्या माडिया माणसाला मात्र राज्य प्रत्यक्ष भेटते ते कचेरीच्या दारातच. त्याच्या जमिनीचा उतारा, जातीचा दाखला, त्याच्या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेला दावा, हे सारे कागद त्या छपराखाली एखाद्या कपाटात असतात. छप्पर गळले तर भिजतो तो सरकारचा कागद नव्हे. भिजतो त्या माणसाचा हक्क. म्हणून डागडुजीचा इतिहास हा राज्यकारभाराच्याच इतिहासाचा एक भाग आहे, असे मी मानतो.

जुन्या राजवटीतील व्यवस्था

आरंभ शिवकालापासून करू. त्या काळची सरकारी इमारत म्हणजे प्रामुख्याने किल्ला. कचेरी, कोठार, दारूखाना, सदर, सगळे तिथेच. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीतील, १६७१-७२ च्या सुमाराची, किल्ल्यांच्या बांधकामासाठी व मजबुतीसाठी रकमा नेमून दिल्याची एक याद उपलब्ध आहे. तीत एकूण १,७५,००० होन नेमलेले असून त्यांपैकी ५०,००० एकट्या रायगडासाठी आहेत. बाकीची रक्कम गडागडांवर वाटून दिलेली आहे. कोणाला दहा हजार, कोणाला पाच, कोणाला एकच हजार. रकमेचा आकडा जितका बोलका आहे तितकीच ही वाटणीची पद्धतही बोलकी आहे. पैसा गडाच्या नावाने आधी वेगळा काढून ठेवलेला होता. तट ढासळल्यावर अर्ज करावा आणि मग मंजुरीची वाट पाहत बसावे, असा प्रकार त्यात दिसत नाही.

राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आज्ञेसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्याच पत्रात आगीपासून सावध राहण्याची ताकीद आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. वैरणीच्या गंजी जवळ असता कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, चिलीम ओढील, दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी छावणी भस्म होईल, इतका बारीक विचार त्यात केला आहे. आजच्या भाषेत याला अग्निसुरक्षेचे परिपत्रक म्हणावे लागेल. फरक इतकाच की परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उंदीर दिसत होता.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हे त्यानंतरच्या पिढीचे, अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणातले. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण डागडुजीच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढावीत. गडावर केरकचरा साचू देऊ नये, तो जागच्या जागी जाळून त्याची राख भाजीच्या आळ्यांना घालावी. घरांत उंदीर-किडा-मुंगीला जागा राहू नये अशी बांधणी करावी. पावसाळ्यापूर्वी तोफांची आणि दरवाजांची तेल-मेण लावून काळजी घ्यावी, अशा तऱ्हेच्या सूचना त्यात आहेत. यातले एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. प्रत्येक काम ऋतूला बांधलेले आहे, आणि प्रत्येक काम तिथेच राहणाऱ्या माणसाने करावयाचे आहे. डागडुजीची ही दोन मूलतत्त्वे लक्षात ठेवावीत : काम वेळेवर हवे आणि माणूस जवळ हवा. पुढचा सगळा इतिहास या दोन तत्त्वांपासून दूर जाण्याचा इतिहास आहे.

वाड्याची कचेरी, कचेरीचे खाते

१८१८ साली पेशवाई संपली आणि कंपनी सरकार आले. नव्या सरकारने आरंभी नव्या इमारती बांधल्या नाहीत. जे हाती लागले त्यातच बस्तान मांडले. पुण्याचा शनिवारवाडा १७३० साली बांधावयास घेतला होता. तो आता सरकारी कामांसाठी वापरला जाऊ लागला. लाकडी माड्यांच्या त्या वाड्याला फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि तट, दरवाजे व जोती सोडून बहुतेक सारे जळून गेले. चांद्यालाही तेच घडले. गोंड राजांचा वाडा तुरुंग झाला. १८५७-५८ च्या उठावातील वीर बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. एकासाठी बांधलेली वास्तू दुसऱ्याच कामाला लावली की तिची रचना जाणणारा माणूस तिच्याजवळ राहत नाही. कोणते लाकूड कोणत्या भिंतीवर टेकले आहे, पाणी कुठून वाहून जाते, हे जुन्या कारभाऱ्याला माहीत असते. नवा अंमलदार दोन-तीन वर्षांत बदलून जाणारा असतो.

लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभे राहिले. त्यापूर्वी ही कामे लष्करी मंडळाकडे असत. या खात्याने देशाचे फार मोठे काम केले, यात शंका नाही. रस्ते, पूल, कालवे, न्यायालये झाली. मुंबईत विल्किन्स या लष्करी अभियंत्याने आराखडलेले जुने सचिवालय १८७४ मध्ये पुरे झाले. ती इमारत आजही उभी आहे आणि तिथे न्यायालय भरते. पण खात्याबरोबर एक हिशेबी विभागणीही आली. नव्या बांधकामाला मूळ काम म्हणावयाचे आणि बाकीच्याला दुरुस्ती. दुरुस्तीत पुन्हा वार्षिक वेगळी आणि विशेष वेगळी. प्रत्येकाचे लेखाशीर्ष निराळे, मंजुरीचा अधिकारी निराळा. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, दरसूची, निविदा, मोजमाप पुस्तक ही साखळी तेव्हापासून घडत गेली आणि आजही तीच चालू आहे.

या साखळीची थट्टा करणे सोपे आहे, पण ती उगीच निर्माण झालेली नाही. जनतेचा पैसा एका माणसाच्या लहरीवर खर्च होऊ नये, हा तिचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. अडचण दुसरीकडे आहे. मोजमाप पुस्तकात नवी भिंत मोजता येते. जो थेंब गळलाच नाही तो मोजता येत नाही. वेळेवर केलेली डागडुजी यशस्वी झाली की तिचा पुरावा शिल्लक राहत नाही. त्यामुळे हिशेबाच्या नजरेत मोठे काम खरे ठरते आणि लहान काम संशयास्पद ठरते. गच्चीवरची पाने काढून पन्हळ मोकळी करावयास एका माणसाचा अर्धा दिवस लागतो, पण त्या अर्ध्या दिवसासाठी कागदावर जागा सापडत नाही. पन्हळ तुंबून गच्ची कुजली की मात्र तिच्या नूतनीकरणाची निविदा निघते.

चांदा, सिरोंचा आणि दूरचा कारभार

आता आपण चांद्याच्या रानात येऊ. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने ते राज्य खालसा केले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची रचना झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८६० मध्ये, गोदावरीच्या डाव्या तीराचे काही तालुके निजामाकडून इंग्रजांना मिळाले होते. त्यांचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे ठाणे नेमण्यात आले. त्या काळी गोदावरीतून नौकानयन करून मध्यप्रांताचा कापूस समुद्रापर्यंत नेण्याची मोठी योजना चालू होती, आणि तीमुळे सिरोंचाला भविष्य आहे असे वाटत होते. प्रचंड खर्चानंतर १८७१ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा ही चांदा जिल्ह्याची एक तहसील झाली. राज्यकर्त्यांची योजना बदलायला एक ठराव पुरतो. तिच्या नावाने उभारलेल्या भिंती मात्र मागे राहतात, आणि त्यांचा सांभाळ कोणी करावयाचा हा प्रश्न ठरावात नसतो.

आज ज्याला आपण भामरागड तालुका म्हणतो तो मुलूख त्या काळी सर्व कचेऱ्यांपासून दूरच होता. कारभार त्याच्या जवळ आला तो अगदी सावकाश. १९०५ मध्ये गडचिरोलीची नवी तहसील झाली. मार्च १९५१ मध्ये जुन्या मध्यप्रदेशातील जमीनदाऱ्या रद्द झाल्या. चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी अहेरीची जमीनदारीही तीत गेली आणि जमीनदाराच्या कचेरीतील काम सरकारी कचेरीत आले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढे भामरागडला स्वतंत्र तालुक्याचे ठाणे झाले. यातील प्रत्येक पाऊल स्तुत्य आहे, कारण त्या प्रत्येक पावलाने सामान्य माणसाची पायपीट कमी झाली. पण प्रत्येक पावलाबरोबर नवी छपरे आली, आणि छपरांच्या संख्येबरोबर ती राखणारी माणसे वाढली नाहीत.

मार्च आणि मृग

येथे एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. ही पद्धत हिंदुस्थानात १८६७ पासून आहे. त्यापूर्वी वर्ष १ मे रोजी सुरू होई. आपल्या इमारतींचे वर्ष मात्र मृग नक्षत्राला, म्हणजे ७ जूनच्या सुमारास सुरू होते. विदर्भातील कोणताही शेतकरी चैत्र-वैशाखात घराचे कवेलू फेरून घेतो. वानरांनी फोडलेले कवेलू बदलतो, वाशाला उधळी लागली आहे का ते पाहतो, ओटी-भिंती लिंपून घेतो. कोकणात शाकारणी म्हणतात, देशावर कौले परतणे म्हणतात. नावे निराळी, पण वेळ एकच.

सरकारी कचेरीचे काय होते? पावसाळ्यात गळती दिसते. दिवाळीच्या सुमारास पत्र जाते. पाहणी होऊन अंदाजपत्रक व्हायला पौष-माघ उजाडतो. पैसे येतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडले नाहीत तर परत जातात. त्यामुळे जे काम घाईने होते आणि डोळ्यांना दिसते ते आधी केले जाते, म्हणजे रंगसफेदी. जे काम चिकाटीचे आणि न दिसणारे, म्हणजे गच्चीची फट, भिंतीतील ओल, विजेच्या जुन्या तारा, ते मागे राहते. जूनमध्ये त्याच भिंतीवर, नव्या रंगावर, पुन्हा ओलीचा डाग उमटतो. आर्थिक वर्षाचा आपल्या पावसाशी मेळ बसत नाही ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० नंतरच्या दशकात आर्थिक वर्ष जानेवारीपासून धरावे अशी शिफारस केली होती आणि तिच्यामागे पावसाळ्याचा विचार होता. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. ते असो. वर्ष बदलणे आपल्या हाती नसले तरी त्या वर्षात मृग कुठे येतो हे लक्षात ठेवणे आपल्या हाती आहे.

भामरागड

भामरागड हे आलापल्लीपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, घनदाट जंगलात, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. तिथून अगदी जवळ हेमलकसा आहे. तिथे डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला. पाऊस या भागात दांडगा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, हे तिथल्या माणसाला वर्षानुवर्षे अंगवळणी पडले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर हा संपर्क पुनःपुन्हा तुटला आणि पुराचे पाणी गावातही शिरले.

अशा ठिकाणी तालुक्याच्या इमारती म्हणजे काय असते? तहसील कचेरी महसूल खात्याची, पंचायत समिती जिल्हा परिषदेची, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आदिवासी विकास विभागाचे, ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याचे, शिवाय पोलीस ठाणे आणि वनखात्याची कचेरी. राहणारा एक, मालक दुसरा, दुरुस्ती करणारा तिसरा आणि पैसा देणारा चौथा, अशी बहुतेक ठिकाणी स्थिती असते. शासकीय इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, जिल्हा परिषदेच्या इमारतीची तिच्या स्वतःच्या बांधकाम विभागाकडे. दार मोडले तर कोणाला सांगावयाचे हेच नव्याने आलेल्या कारकुनाला कळावयास काही महिने जातात.

यात सामानाचा प्रश्न मिळवा. सिमेंट, लोखंड, विजेचे सामान, सारे बाहेरून यावयाचे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत काम जवळजवळ बंद. म्हणजे खरा कामाचा काळ वर्षातला अर्धा. त्यात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या जिल्ह्याने नक्षलवादी हिंसेची झळ सोसली. १ मे २०१९ रोजी पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने जाळण्यात आली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले. जिथे यंत्रसामग्री नेणे हेच धोक्याचे, तिथे लहानशा दुरुस्तीसाठी कंत्राटदार सहजासहजी कसा पुढे येणार? अलीकडे ही झळ पुष्कळ कमी झाली आहे. पण त्या वर्षांत न झालेली दुरुस्ती इमारतींच्या अंगात साचून राहते.

आणखी एक दोष आराखड्याचा. कौलारू, उतरत्या छपराच्या जुन्या इमारतींच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या सपाट गच्चीचा एकच नमुना नकाशा राज्यभर वापरण्याची पद्धत पडली. सोलापूरच्या कोरड्या हवेत जी गच्ची चालते ती दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कशी चालावी? गच्चीवर सागाची-मोहाची पाने पडतात, पन्हळ तुंबते, पाणी साचते. ते केसासारख्या फटींतून आत झिरपून सळईपर्यंत पोचते. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगताना वरचे काँक्रीट फोडून काढते. खाली बसलेल्या कारकुनाच्या टेबलावर छताचा पोपडा पडतो तो या क्रमाने. मग गच्चीवर पत्र्याचे दुसरे छप्पर घालावे लागते, म्हणजे अखेर उतरत्या छपराकडेच परत यावे लागते.

आता याच मुलखातील दुसरी एक इमारत पाहा. माडिया गावांत गोटुल असते. गावाची बैठक तिथे, पाहुण्याचा मुक्काम तिथे. रानातले लाकूड, बांबू, गवत किंवा कवेलू, गावकऱ्यांचे श्रम, यांतून ते उभे राहते आणि गावच ते वेळोवेळी नीट करते. त्याला मंजुरी लागत नाही, कारण मालक, राहणारा आणि दुरुस्ती करणारा एकच आहे. कचेरी गोटुलासारखी बांधावी असे मी म्हणत नाही. तहसिलीचे दप्तर गवताच्या छपराखाली ठेवता येणार नाही. पण अमात्यांनी गडांसाठी जी दोन तत्त्वे सांगितली, वेळेवर काम आणि जवळचा माणूस, ती आजही याच मुलखात, कचेरीच्या कुंपणापलीकडे जिवंत आहेत, हे आपण पाहिले पाहिजे.

दुर्लक्षाची किंमत

दुर्लक्षाची किंमत नेहमी ओलीच्या डागावर भागत नाही. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनमध्ये पार्लमेंटची जुनी इमारत जळाली. कारण काय, तर सरकारी खजिन्याच्या हिशेबाच्या जुन्या, निरुपयोगी लाकडी कांड्या इमारतीखालच्या भट्ट्यांत बेसुमार जाळल्या. जुने दप्तर काढून टाकण्याचे किरकोळ काम, पण त्यावर देखरेख ठेवणारा जबाबदार माणूस नव्हता. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, पाच माणसे दगावली आणि असंख्य कागद नष्ट झाले. ज्या इमारतीतून साऱ्या राज्याच्या इमारतींना दुरुस्तीची मंजुरी मिळते तिचीच ही गत झाली. त्यानंतर तिच्या नूतनीकरणाचे मोठे काम करावे लागले.

आणि विदर्भातीलच, कोणालाही विसरता न येणारी घटना म्हणजे ९ जानेवारी २०२१ ची. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला रात्री आग लागली आणि दहा अर्भके दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. आदेश निघाले हे योग्यच झाले. पण तपासणी हा दुर्घटनेनंतर करावयाचा विधी नाही. ती दरवर्षी, काही घडलेले नसताना, कंटाळा न करता करावयाची गोष्ट आहे. महाराजांच्या पत्रातला तो उंदीर वात घेऊन पळालेला नव्हता. तो पळण्यापूर्वीच ते पत्र लिहिले गेले होते.

काय करता येईल

श्रोतेहो, नुसती खंत करून व्याख्यान संपविणे मला प्रशस्त वाटत नाही. इतिहासातून जे शिकावयास मिळते त्यातील चार गोष्टी सांगतो. त्यांना फार मोठा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. कोणत्याही इमारतीचे नूतनीकरण वरून खाली आणि आतून बाहेर व्हावे. आधी छप्पर आणि पन्हळी, मग विजेच्या तारा आणि नळ, मग गिलावा, आणि रंग सर्वांत शेवटी. कचेरी चालू ठेवून काम करावयाचे असेल तर एका वेळी एकच बाजू रिकामी करावी, आणि काम सुरू होण्यापूर्वी दप्तर यादी करून, कोरड्या व उंच जागी, एका नेमलेल्या माणसाच्या ताब्यात द्यावे. दुरुस्तीच्या काळात गहाळ झालेला कागद पुन्हा सापडत नाही, हा अनुभव कोणत्या गावाला नाही?

दुसरी गोष्ट वेळेची. भामरागडसारख्या ठिकाणी कामाचे वेळापत्रक मार्चपासून पुढे मोजू नये, मृगापासून मागे मोजावे. वैशाखाअखेर छप्पर पुरे व्हावयाचे असेल तर सामान माघात नदीपलीकडे गेले पाहिजे, निविदा दिवाळीपूर्वी निघाली पाहिजे, आणि पाहणी भर पावसात, गळती डोळ्यांना दिसत असताना झाली पाहिजे. उन्हाळ्यात केलेली गळतीची पाहणी म्हणजे रोगी बरा असताना केलेली नाडीपरीक्षा होय.

तिसरी गोष्ट पैशाची. छपराच्या कामाचे शेवटचे देयक एक पावसाळा उलटल्यावरच द्यावे. दोषदायित्वाचा कालावधी करारात असतोच. त्यात एक संपूर्ण पावसाळा आला पाहिजे आणि त्या पावसाळ्यात कोणीतरी जाऊन छत पाहिले पाहिजे. गच्चीच्या कामाचा खरा परीक्षक श्रावण महिना आहे. शिवाय प्रत्येक कचेरीच्या प्रमुखाच्या हाती, बाहेरची परवानगी न घेता खर्चता येईल अशी लहानशी रक्कम, तिचा हिशेब भिंतीवर लावण्याच्या अटीवर, असावी. १६७१-७२ च्या यादीत लहान गडालाही त्याच्या नावाची रक्कम होती, हे आपण पाहिलेच.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. पूर्वी डाक बंगल्याला चौकीदार असे, रस्त्याला मैलकुली असे. तो कमी शिकलेला असेल, पण कोणत्या खोलीचा कोणता कोपरा ओल धरतो हे त्याला पाठ असे. हळूहळू ही माणसे कमी झाली आणि त्यांची जागा कंत्राटाने घेतली. कंत्राट काम करू शकते. लक्ष ठेवू शकत नाही. लक्ष ठेवण्यासाठी तिथेच राहणारा, त्या मुलखाचा पाऊस जाणणारा माणूस लागतो. माडिया तरुणांतून गवंडी, सुतार, वीजतंत्री तयार झाले आणि त्यांच्या हाती आपल्याच तालुक्याच्या कचेऱ्यांची देखभाल आली, तर त्यांना रोजगार मिळेल, आणि कचेरीही आपली आहे असे त्या मुलखाला प्रथमच वाटेल. आज ती बाहेरच्यांनी बांधलेली, बाहेरच्यांनी दुरुस्त करावयाची आणि बाहेरच्यांनीच बसावयाची जागा आहे, ही भावना सर्वस्वी चुकीची आहे असे कोण म्हणेल?

गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तो देशातील अशा पहिल्या गावांपैकी एक ठरला. गावाने जंगल राखून दाखविले. जे गाव जंगल राखू शकते ते एक छप्परही राखू शकेल, अशी खात्री बाळगावयास हरकत नाही. त्यासाठी शासनाने विश्वास मात्र टाकला पाहिजे, आणि विश्वासाबरोबर थोडी रक्कम व एक वही दिली पाहिजे.

आपल्याकडे इमारतीच्या उद्घाटनाला कोनशिला बसते, तीवर मान्यवरांची नावे कोरली जातात. डागडुजीला कोनशिला नाही आणि नसावीही. पण यापुढे आपण कोणत्याही सरकारी कचेरीत काही कामासाठी गेलात तर कोनशिला वाचून झाल्यावर मान वर करून एकदा छताकडे पाहा, आणि पन्हळ केव्हा साफ झाली होती हे तिथल्या अधिकाऱ्याला आदराने विचारा. नागरिकांनी हा प्रश्न दर वैशाखात विचारला, तर दूर भामरागडच्या कचेरीतले कागदही एक दिवस कोरडे राहतील.